ताई, आमचा नंबर कधी लागणार?

पत्र (लांब होतं, थोडं कापलंय):

"ताई, मी ठाण्याची, वय ३२. डिसेंबर २०२३ मध्ये लग्न झालं. नवरा न्यू जर्सीत असतो, त्याला जून २०२२ मध्ये ग्रीन कार्ड मिळालं. जानेवारी २०२४ ला त्याने माझा आय-१३० (बायकोला तिकडे नेण्यासाठीचं पिटिशन) भरला. वर्षभरात जाशील असं सगळेच म्हणाले म्हणून मी मुलुंडच्या सीए फर्ममधला जॉब सोडला. आता दोन वर्षं झाली. मी आईबाबांकडे, सासर नाशिकला, सणावाराला जाऊन येऊन. माझ्या मैत्रिणीचं लग्न माझ्यानंतर झालं आणि ती गेलीसुद्धा. दिवसातून दहा वेळा स्टेटस बघते, झोप नाही, फोनवर नुसती भांडणं. परवा तो म्हणाला सगळं सोडून परत येतो, मी म्हटलं ये, मग दोघंही रडलो. एक एजंट म्हणतो टुरिस्ट व्हिसा काढा, पिटिशनचं फॉर्मवर लिहू नका. सासूबाई म्हणतात आता मूल होऊ द्या. जुन्या सरांनी परत ये म्हणून निरोप पाठवलाय, पण उद्या नंबर लागला तर? बॅग भरून पलंगाखाली ठेवलीये. काय करू?" (नाव नको)

अगं, आधी ती बॅग बाहेर काढ आणि रिकामी कर. बाकीचं नंतर बोलू.

चेष्टा नाही करत. माझ्या पलंगाखाली अशीच एक बॅग तीन वर्षांच्या वर पडून होती. १९९८ च्या मार्चमध्ये माझ्या नवऱ्याने माझं पिटिशन टाकलं, तेव्हा ही तुझीच एफटूएची, म्हणजे ग्रीन कार्डवाल्यांच्या बायकामुलांची, रांग चार वर्षांच्या वर गेलेली, पण ते आम्हाला कोण सांगणार, नवऱ्याचा मित्र म्हणाला होता वर्षात होतं म्हणून. बॅगेत दोन लिटरचा कुकर, लहान पोळपाट, आईने शिवलेली गोधडी, गोडा मसाला आणि पापड. पापडाला दोनदा किडे लागले, दोनदा आईने नवे भरले. त्याच काळात गावातल्या कॉलेजात लेक्चररची जागा चालून आली होती आणि मी नाही म्हटलं, का तर आता जायचंच आहे ना. कुणी लग्नाला चल म्हटलं, क्लासला ये म्हटलं, की माझं तेच, आता काय, जायचंच आहे. रांगेपायी मी नवऱ्यापासून लांब राहिले, त्याला माझा इलाज नव्हता, पण ती तीन वर्षं बिनकामाची बसून घालवली ती माझी मीच. त्याचा राग मला अजून येतो. तुझं पत्र वाचून परत आला.

आता तुझी रांग नेमकी कोणती ते नीट समजून घे, कारण पत्रावरून वाटतंय की मैत्रिणीशी तुलना करून तू स्वतःला खातेयस. मैत्रिणीचा नवरा सिटिझन असणार, विचारून बघ. सिटिझनच्या बायकोला आकड्याची मर्यादाच नाही, तिला फक्त प्रोसेसिंगला लागतो तेवढाच वेळ. ग्रीन कार्डवाल्याची बायको म्हणजे एफटूए, तिथे जगभरातल्या नवरा-बायको-मुलं सगळ्यांना मिळून वर्षाला साधारण ८८ हजार व्हिसा, आणि त्यापेक्षा जास्त लोक उभे राहिले की झाली रांग. म्हणजे तुम्ही दोघी एका खिडकीवर कधी उभ्याच नव्हता. तिने कुठला वशिला लावला नाही आणि तुझ्या फाइलमध्ये काही खोट आहे असंही नाही. आणखी एक, आपल्याकडे भारतीय म्हणून जास्त थांबावं लागतं असं सरसकट बोलतात, ते नोकरीवरच्या ग्रीन कार्डाला आणि भावाबहिणींच्या रांगेला खरं आहे, एफटूएत भारताची वेगळी मागची तारीख सहसा नसतेच.

आणि वर्षभरात जाशील म्हणणारे खोटं बोलत होते असंही नाही गं. जुलै २०१९ ते मार्च २०२३ एफटूए चक्क करंट होतं, म्हणजे रांगच नव्हती, त्या काळात गेलेल्या बायका खरंच कागद झाले की गेल्या. एप्रिल २०२३ च्या व्हिसा बुलेटिनमध्ये (कुठल्या तारखेपर्यंतच्या पिटिशनचा नंबर लागला ते सांगणारं अमेरिकन सरकारचं पत्रक) तारीख धाडकन मागे गेली, सप्टेंबर २०२० वर. तुमचं लग्न त्या डिसेंबरात. नातेवाइकांनी आदल्या गाडीचं टाइमटेबल सांगितलं तुला.

स्टेटस दिवसातून दहा वेळा बघतेस ना, ते बंद कर. व्हिसा बुलेटिन महिन्यातून एकदा येतं, साधारण महिन्याच्या मध्याला, पुढच्या महिन्याचं. त्या दिवशी बघायचं, दोन्ही तक्ते बघायचे (फायनल अॅक्शनवाला म्हणजे व्हिसा कधी मिळू शकतो, डेट्स फॉर फायलिंगवाला म्हणजे एनव्हीसीला, त्यांच्या नॅशनल व्हिसा सेंटरला, कागद कधी देता येतात), तुझी जानेवारी २०२४ ची पीडी (प्रायॉरिटी डेट, पिटिशन भरल्याची तारीख) लागली का, नसेल तर किती लांब आहे ते वहीत लिहायचं आणि अॅप मिटायचं. ऑगस्ट-सप्टेंबरात तारीख हललीच नाही किंवा मागे आली तर छाती बडवून घेऊ नकोस, त्यांचं वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, शेवटीशेवटी त्या वर्षाचा कोटा संपत येतो म्हणून असं होतं, ऑक्टोबरात नवा कोटा उघडतो. आणि ते टेलिग्रामचे ग्रुप, जिथे रोज कुणीतरी "डीक्यू झालं, इंटरव्ह्यू कधी" (डीक्यू म्हणजे कागद पूर्ण ठरले) म्हणून टाकतं, त्यातून निदान सहा महिने बाहेर पड. दुसऱ्यांच्या तारखा वाचून तुझी तारीख हलत नाही, झोप मात्र हलते.

आता मुद्द्याचं. तुझ्या पत्रात एक गणित कुठेच नाहीये आणि मला दाट शंका आहे की तुम्ही दोघांनी ते मांडलेलंच नाहीये. त्याला ग्रीन कार्ड जून २०२२ ला मिळालं. पाच वर्षं जून २०२७ ला पूर्ण. सिटिझनशिपचा अर्ज, एन-४००, नव्वद दिवस आधी भरता येतो, म्हणजे मार्च २०२७. तो सिटिझन झाला की तुझी हीच केस एफटूएच्या रांगेतून उठून मैत्रिणीच्या खिडकीवर जाते, नवा आय-१३० भरावा लागत नाही, फक्त शपथविधीनंतर सर्टिफिकेटची कॉपी पाठवून कळवावं लागतं. म्हणजे तुमच्यासाठी दोन दारं आहेत, बुलेटिन करंट होणं आणि त्याचं सिटिझन होणं, आणि त्यातल्या दुसऱ्याची तारीख निदान अर्ज भरण्यापुरती तरी तुमच्या कॅलेंडरवर मांडता येते.

आता तो भारतीय पासपोर्ट सोडायला तयार आहे का हे तुला माहीत आहे का? मला वाटतं नसावं. ही गोष्ट आपल्याकडे मुलगे बोलत नाहीत. नाशिकला आईवडील, शेतजमीन असेल, आपण परके होणार असं मनात कुठेतरी बसलेलं असतं. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना ओसीआय कार्ड मिळतं, येणंजाणं राहणं त्यावर होतं, शेतजमीन विकत नाही घेता येत पण वारसाने येऊ शकते, मतदान जातं. हे त्याच्याशी एकदा शांतपणे बोल, भांडण चालू असताना नको आणि रात्री अकराला तर नकोच. त्याला नसेलच व्हायचं तर तोही त्याचा हक्क आहे, पण मग तुला किती थांबायचंय ते तू दुसरंच काही धरून ठरवशील, म्हणून आधी कळायला हवं.

परत येतो म्हणाला, त्याचंही तेच. फोनवर वैतागून म्हटलेलं "येतो" आणि ठरवून येणं यात फार फरक आहे. माझा नवरा दर गणपतीला म्हणायचा येतो म्हणून. मी त्याला एकदा म्हटलं बरं ये, तारीख सांग, तर दोन मिनिटं नुसता लाइनचा आवाज, आणि एसटीडी बूथवाला मीटरकडे बोट दाखवतोय. तुम्ही दोघं एक दिवस ठरवा, समजा २०२७ ची दिवाळी, त्या दिवशी हा प्रश्न उघडायचा, तोपर्यंत भांडणात तो शब्द वापरायचा नाही. काय ठरवाल ते मी सांगणार नाही, मला तुमचे पगार माहीत नाहीत आणि स्वभावही.

एजंटचं ऐकलंस तर माझ्याशी गाठ आहे. डीएस-१६० फॉर्मवर सरळ प्रश्न असतो की तुमच्यासाठी कुणी इमिग्रंट पिटिशन भरलंय का, तिथे नाही लिहिलंस तर ते खोटं बोलणं झालं, आणि पिटिशन त्यांच्या सिस्टिममध्ये आधीच बसलेलं आहे. खोटी माहिती दिल्याचा शिक्का कायमचा बसू शकतो, मग ना टुरिस्ट ना इमिग्रंट. खरं लिहून टुरिस्टला अर्ज करायला कायद्याने बंदी नाहीये, पण तू परत येशील हे पटवायचं तुझ्यावर, नवरा तिकडे आणि इकडे नोकरीही नाही, तर बहुतेक २१४बी या कलमाखाली नकार देतील. फी गेली एवढंच, फक्त वाईट वाटून घ्यायची तयारी ठेव. तो एजंट तुझ्याबरोबर खिडकीवर उभा राहणार नाहीये.

कागदांवर मात्र थोडा वेळ घाल, हे खरंच आपल्या हातात असतं. पहिलं म्हणजे नावं. आपली मराठी नावं हा त्या फॉर्मांना मोठा वैताग आहे, लग्नाआधी मधे वडिलांचं नाव, लग्नानंतर नवऱ्याचं, पासपोर्टवर एक, आधारवर दुसरं, डिग्रीवर तिसरं, कुठे स्पेलिंगमध्ये एक ए जास्त. पासपोर्ट, मॅरेज सर्टिफिकेट आणि पिटिशन या तिन्हीत काय आहे ते शेजारी ठेवून बघ. दुसरं, जन्मदाखला. माझ्या दाखल्यावर नावच नव्हतं, नुसतं "मुलगी", कारण नोंद झाली तेव्हा बारसं व्हायचं होतं, आणि मला ते कळलं अगदी शेवटच्या महिन्यात, मग आई आणि आत्याची अॅफिडेव्हिट करत पावसात तालुक्याला फेऱ्या. तू आत्ताच काढून बघ. पीसीसी (पोलिसांचा दाखला) आणि मेडिकल मात्र आधी करून ठेवू नकोस, दोन्हीला मुदत असते, मेडिकल मुंबईच्या मुलाखतीची तारीख आल्यावरच. नवऱ्याला सांग घर बदललं तर दहा दिवसांत एआर-११ भरायचा, आपली पोरं अपार्टमेंट बदलतात आणि विसरतात, मग पत्रं जुन्या पत्त्यावर. केस एनव्हीसीला गेली की मधूनमधून लॉगिन करत राहा, त्यांनी मागितल्यावर वर्षभर काहीच हालचाल केली नाही तर केस बंद पडू शकते. लग्नाचे चारशे फोटो नकोत, वर्षावर्षाचे थोडे, त्याच्या येण्याजाण्याची तिकिटं, एकमेकांना पाठवलेले पैसे, एका फोल्डरमध्ये टाकत जा. महिन्याला एक तास. बास. त्याहून जास्त केलंस तर ते काळजीचं काम झालं, कागदाचं नाही.

तो वर्षातून किती वेळा येतो ते तू लिहिलं नाहीस. ग्रीन कार्डवर तो येऊ शकतो, फक्त सिटिझनशिप करायची असेल तर एका खेपेला सहा महिन्यांच्या वर बाहेर राहायचं नाही आणि पाच वर्षांत एकूण निदान तीस महिने तिकडे झालेले पाहिजेत. रजा पंधरा दिवसांची असते हे मला माहितीये. पण त्या पंधरातले तेरा दिवस जेवणावळीत जातात, अमक्या मामांकडे, तमक्या काकूंकडे, सत्यनारायण, आणि नवराबायको गाडीच्या मागच्या सीटवर मधे एक आजी घेऊन बसलेली. यावेळी आल्या आल्या चार दिवस दापोली नाहीतर गुहागरला जा, दोघंच, आणि हे तिकीट काढतानाच दोन्ही घरांना सांगून टाका, आल्यावर नाही. सासूबाईंना राग येईल. येऊ दे, दोन दिवसांत जातो.

फोनचं म्हणशील तर, आम्हाला आठवड्याला बारा मिनिटं मिळायची आणि त्यात भांडायला परवडायचं नाही, तुम्हाला फुकटात चोवीस तास मिळतात म्हणून भांडताय असं माझं प्रामाणिक मत आहे. व्हिसाचा विषय फक्त रविवारी. बाकी दिवशी त्याला विचार आज डब्याला काय नेलंस, बर्फ काढून कंबर धरली का, त्या रूममेटचं काय झालं. आणि रोज फोन झालाच पाहिजे असंही नाही, तुझी रात्र असते तेव्हा त्याचं ऑफिस चालू असतं, एक जण पेंगतोय आणि दुसरा मीटिंगमधून डोकं काढून बोलतोय, त्यात प्रेमाचं कसं काय होणार.

मूल. यात मी सासूबाईंच्या बाजूची नाही आणि विरुद्धही नाही, तो निर्णय तुमचा. व्हिसासाठी म्हणून पुढे ढकलत असाल तर एवढं माहीत असू दे. एफटूएत मूल तुझ्या केसमध्ये तुझ्याबरोबर बसतं. पण नवरा मधेच सिटिझन झाला आणि तू वरच्या खिडकीवर गेलीस तर तिथे मूल आपोआप येत नाही, त्याचा वेगळा आय-१३० भरावा लागतो. हे माहीत नसल्याने आई पुढे आणि लेकरू मागे अशा अडकलेल्या घरांबद्दल मी ऐकलंय. तेव्हा मूल झालं असेल तर एन-४०० भरण्याआधी वकिलाला तासाभराची फी देऊन विचारून घ्या, हा खर्च वाया जात नाही.

"कधी जाणार?" विचारणाऱ्यांना माझं एक ठरलेलं उत्तर होतं, नंबर लागला की पेढे घेऊन येते. पुढे काही बोलायचं नाही, विषय बदलायचा, त्यांच्या मुलाचं विचारायचं. कुणी हैदराबादजवळच्या चिलकूर बालाजीला जा म्हणेल, अकरा प्रदक्षिणा घाल, काम झालं की एकशे आठ. श्रद्धा असेल तर जा, नसेल तरी आईला घेऊन जा, बिर्याणी खा, दोन दिवस घराबाहेर पडशील.

झोपेचं मात्र थट्टेवारी नेऊ नकोस. दोन-तीन आठवडे स्टेटस बघणं बंद करूनही झोप येत नसेल, सारखं रडू येत असेल, तर १४४१६ ला फोन कर, सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, फुकट, मराठीत बोलतात. आमच्या वेळी असतं तर मी केला असता.

माझं पुढे काय झालं सांगते, नाहीतर पत्र टाकून विचारशील. २००० च्या डिसेंबरात तिकडे लाइफ अॅक्ट नावाचा कायदा झाला, त्यात तीन वर्षं रांगेत असलेल्या बायकांसाठी व्ही व्हिसा नावाची एक सोय आली, आणि २००१ च्या ऑगस्टमध्ये मी गेले. तेव्हा कॉन्सुलेट ब्रीच कँडीला होतं, बीकेसीला नाही, पहाटेपासून फुटपाथवर रांग. शोधायला जाऊ नकोस, ती सोय २१ डिसेंबर २००० पर्यंत भरलेल्या पिटिशनपुरतीच होती, तुला उपयोग नाही. तिकडे पोचल्यावर पहिल्या महिन्यात नवऱ्याने विचारलं, तीन वर्षं काय काय केलंस, सांग ना सगळं. मला सांगण्यासारखं काही आठवेना गं.

म्हणून तुझ्या सरांच्या निरोपाबद्दल मला काही शंकाच नाहीये. उद्या नंबर लागला तर, म्हणतेस. उद्या लागत नाही. तारीख करंट झाली, कागद झाले, मुलाखत ठरली तरी मधे महिने जातात, नोटीस पिरियड आरामात बसतो. आणि तू एम.कॉम. असशील तर सीपीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या सीएचा, विचार कर, २०२० पासून ती परीक्षा भारतातच देता येते, मुंबईत सेंटर आहे. आधी डिग्रीचं इव्हॅल्युएशन करून घे, कारण राज्याराज्याच्या अटी वेगळ्या असतात, मग अभ्यासाला लाग. न्यू जर्सीला जाशील तेव्हा हातात काहीतरी असेल, आणि समजा तोच इकडे आला तरी ठाण्यात सीपीएला काम मिळतंच.

सोमवारी सरांना फोन कर. दोन वर्षांचा गॅप आहे म्हणून पगार कमी सांगतील. पहिल्या आकड्याला हो म्हणू नकोस.